सिस्टिक फायब्रोसिसमध्ये प्रतिकारशक्ती खरोखरच ‘कमी’ असते का? पांढऱ्या पेशींच्या कामाविषयी सविस्तर चर्चा

अनघा_नौपाडा

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हिची प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणून हिला सारखा कफ होतो.’ माझ्या भाचीच्या बाबतीत नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि औषधाच्या दुकानदारानेही हेच सांगितले, आणि त्यापाठोपाठ काढे, गुळवेलीच्या गोळ्या आणि ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पावडरींची यादी आली. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गेले काही महिने या विषयावरचे जे वाचन केले, त्यावरून हे वाक्य चुकीच्या दिशेने नेणारे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याची कारणे इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी आणि जिथे आवश्यक वाटेल तिथे हरकतही घ्यावी.

आधी थोडी पार्श्वभूमी देते. या आजाराचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात आहे. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल आजारी होते. एकच सदोष प्रत असलेले आईवडील स्वतः धडधाकट असतात आणि बहुधा त्यांना याची कल्पनाही नसते. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या पटलातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ने-आण करते. ते बिघडले की श्वासनलिकांच्या आतील पातळ द्रवाचा थर आटतो, कफ घट्ट व चिकट होतो आणि तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म रोमांचे काम अडते. घामग्रंथींमध्ये याच बिघाडामुळे मीठ परत शोषले जात नाही, म्हणून घामातील क्लोराइड मोजून निदान करतात. ते लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक भरले, तर आजार असल्याचे मानले जाते.

आता मुख्य मुद्दा. निरोगी माणसाच्या फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून तपासले, तर त्यात जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचेच प्राबल्य असते आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी शंभरात जेमतेम दोन-तीन सापडतात. सिस्टिक फायब्रोसिस मुरलेल्या फुप्फुसात मात्र निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल असतात. ज्या पेशींनी जंतू गिळून मारायचे, त्या तिथे गर्दी करून असतात आणि तरीही जंतू हटत नाहीत. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासगटाने नवजात निदान झालेल्या बाळांचा पाठपुरावा केला. ज्या बाळांच्या फुप्फुसांतील द्रवात तीन महिन्यांच्या वयातच न्यूट्रोफिलमधून सुटलेले इलास्टेज हे विकर सक्रिय आढळले, त्यांच्यात पुढे तीन वर्षांच्या वयापर्यंत श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिसचा, धोका अधिक दिसला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ, हानीचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या अनावर कामातून होतो, आणि तो मूल बाहेरून ठीक दिसत असतानाच सुरू झालेला असतो.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मला या आजारात निरर्थक वाटतो.

सुधीर_नेरूळ

अनघाताई, विषय फार महत्त्वाचा मांडलात. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाला हाच आजार आहे, त्यामुळे सर्व काळजीपूर्वक वाचले. एक शंका मात्र मनातून जात नाही. पेशी संख्येने एवढ्या असतील, तर स्यूडोमोनाससारखा एकच जंतू वर्षानुवर्षे तिथे कसा ठाण मांडून बसतो? संख्या भरपूर आणि काम शून्य, असे असेल तर त्यालाही एका अर्थाने प्रतिकारशक्ती कमी असणेच म्हणावे लागेल ना?

सूक्ष्मजीव_वाशी

सुधीरराव, आपली शंका रास्त आहे आणि अनघाताईंच्या मांडणीला तेवढी जोड हवीच. मी बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत थुंकीचे नमुने हाताळले आहेत, त्या आधारावर लिहितो.

न्यूट्रोफिल जंतूला गिळून एका पोकळीत कोंडतो. तिथे तो ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्याचा क्लोराइडशी संयोग घडवून हायपोक्लोरस आम्ल बनवते. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर घातल्यावर जंतू ज्या रसायनाने मरतात, ते हेच. या रसायनासाठी पोकळीत क्लोराइड सतत पोहोचावे लागते आणि ते पोहोचवण्यात सीएफटीआर प्रथिनाचाही वाटा असतो. रुग्णांच्या न्यूट्रोफिलमध्ये गिळलेल्या जंतूभोवती हे आम्ल कमी बनते आणि स्यूडोमोनास मारण्याची क्षमता घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे दोष केवळ श्वासनलिकेच्या अस्तरात नाही. पांढऱ्या पेशीच्या आतही त्याचा काही अंश आहे.

दुसरी अडचण परिसराची. घट्ट कफाच्या गुठळीत खोलवर ऑक्सिजन जवळपास नसतो. जो थोडा असतो तो न्यूट्रोफिल स्वतःच वापरून टाकतात, आणि वर सांगितलेली सारी रासायनिक साखळी तर ऑक्सिजनवरच चालते. स्यूडोमोनासला ऑक्सिजनशिवाय जगता येते. शिवाय तो कालांतराने आपल्याभोवती अल्जिनेटचे बुळबुळीत आवरण तयार करून वसाहत करतो, आणि त्या वसाहतीला गिळणे एकट्यादुकट्या पेशीच्या आवाक्यापलीकडचे असते. प्रयोगशाळेत बशीवर अशा जंतूंच्या वसाहती ओल्या, चकचकीत दिसतात. अहवालात ‘म्युकॉइड’ असा शेरा येतो तो यामुळेच, आणि पालकांनी तो शेरा गांभीर्याने घ्यावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत क्लेशकारक वाटते. मरता मरता न्यूट्रोफिल आपला डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे पसरतात. हे जाळे बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रथम दाखवून दिले. एरवी ते उपयोगी असते, पण इथे त्या डीएनएमुळेच बेडका आणखी घट्ट होतो. आणि बाहेर सांडलेले इलास्टेज काय करते ते पाहा : ते फुप्फुसाच्या लवचीक धाग्यांना कापते, न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरील, जंतू मारण्याची सूचना घेणारे सीएक्ससीआर१ हे ग्राहक (रिसेप्टर) छाटते, प्रतिपिंडे आणि त्यांच्या मदतीला येणारी रक्तातील पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट) यांचे तुकडे करते, आणि अस्तराच्या पेशींना चेतवून आयएल-८ हा निरोप पुन्हा धाडायला लावते, ज्यामुळे रक्तातून आणखी न्यूट्रोफिल तिथे येतात. शरीरात या विकराला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन असते, पण इलास्टेजचे प्रमाण त्याच्या कुवतीपलीकडे गेलेले असते.

तेव्हा सुधीरराव, मारण्याची क्षमता घटलेली आणि दाह मात्र वाढलेला, अशी दोन्ही बाजूंनी कोंडी आहे. ‘कमी’ हा एकच शब्द तिला पुरत नाही.

खारघर_संशोधक

मी पेशीविज्ञानात संशोधन करतो. माझे रोजचे काम दुसऱ्या आजारावर आहे, पण फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर पांढऱ्या पेशी वेगळ्या करून तपासणे हाच माझा दिनक्रम आहे, म्हणून दोन मुद्दे मांडतो.

वरील प्रतिसादातील एका विधानावर अजून एकमत नाही, हे वाचकांना ठाऊक असावे. पांढऱ्या पेशींचा दोष मूळचा किती आणि सडक्या परिसरामुळे आलेला किती, हा वाद जुना आहे. मॅक्रोफेजचेच उदाहरण घेऊ. सीएफटीआर नसल्यामुळे त्यांच्या आतील पोकळी पुरेशी आम्लधर्मी होत नाही, असा दावा २००६ मध्ये झाला आणि लगोलग दुसऱ्या गटाने आम्लता नेहमीसारखीच असल्याचे मोजून दाखवले. दुसरीकडे, अमेरिकेतील आयोवा आणि मिसूरी येथील संशोधकांनी या आजाराची डुकरे तयार केली. त्यांच्या पिलांच्या फुप्फुसांत जन्मतः दाह नव्हता, तरीही त्यांना जंतूंचा निचरा करता आला नाही. बायकार्बोनेटच्या अभावी श्वासनलिकेतील द्रव अधिक आम्लधर्मी होऊन त्यातील नैसर्गिक जंतुनाशक प्रथिने दुबळी पडतात, हेही त्याच पिलांवर दिसले. फुप्फुस प्रत्यारोपणाचा अनुभवही विचारात घ्यावा लागेल. नव्या फुप्फुसाचे अस्तर निरोगी दात्याचे असते आणि पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच राहतात. तरी त्या फुप्फुसात सिस्टिक फायब्रोसिस पुन्हा उद्भवत नाही. यावरून अस्तराचा दोष हाच पाया आहे आणि पेशींचा दोष त्याला बळ देतो, असे मी मानतो.

दुसरा मुद्दा असा की, रक्तातील न्यूट्रोफिल आणि श्वासनलिकेत उतरलेला न्यूट्रोफिल हे वेगळ्या स्वभावाचे असतात. अस्तर ओलांडून आत आल्यावर काही तासांतच तो आपली विकरांची पोतडी बाहेर रिकामी करू लागतो, गिळण्याचे काम कमी करतो आणि आर्जिनेज हे विकर सोडून टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना दडपतो. तो लवकर मरतही नाही. त्यामुळे केवळ रक्ताची तपासणी करून, ‘पांढऱ्या पेशी व्यवस्थित आहेत’ म्हणून निश्चिंत होणे योग्य नाही.

मेलेल्या न्यूट्रोफिलना उचलून नेण्याचे काम मॅक्रोफेजचे असते. इलास्टेज त्यांचे त्यासाठीचे ग्राहकही कापून टाकते, मग मृत पेशी तिथेच फुटतात आणि त्यांतून आणखी इलास्टेज सांडते. हे चक्र कुठे तोडायचे, हाच उपचारांचा खरा प्रश्न आहे.

कळव्याचा_बाबा

माझा मुलगा या आजाराचा आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्या इमारतीच्या भिंती सादळतात, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, आणि त्याच दिवसांत त्याला धाप लागते, छाती वाजते. ठाणे-कळवा भागातील जुन्या इमारतींत हे सर्रास आहे. या बुरशीचा पांढऱ्या पेशींशी काही संबंध आहे का? आणि दाहच जर शत्रू असेल, तर स्टिरॉइड देऊन तो थेट दाबून का टाकत नाहीत?

सूक्ष्मजीव_वाशी

संबंध आहे. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. निरोगी माणूस ते श्वासावाटे घेतो आणि कफाबरोबर बाहेर टाकतो. या मुलांमध्ये ते चिकट कफात अडकून राहतात. टी-पेशींचा कल आधीच टीएच-२ आणि टीएच-१७ या प्रकारांकडे झुकलेला असतो. टीएच-१७ पेशींचा आयएल-१७ हा निरोप न्यूट्रोफिलना बोलावतो, तर टीएच-२ पेशी अ‍ॅलर्जीच्या वाटेने जातात. मग रक्तातील आयजीई हे अ‍ॅलर्जीचे प्रतिपिंड वाढते, इओसिनोफिल या अ‍ॅलर्जीशी निगडित पांढऱ्या पेशी जमतात आणि दम्यासारखा घरघर आवाज येतो. या अवस्थेला एबीपीए (अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस) म्हणतात. तिच्या निदानासाठी एकूण आयजीई आणि अ‍ॅस्परजिलसविरोधी आयजीई तपासतात. पावसाळ्यात अँटिबायोटिक देऊनही उतार पडत नसेल, तर ही तपासणी करण्याविषयी आपण डॉक्टरांना अवश्य विचारावे. सादळलेल्या खोलीत मुलाला झोपवू नये आणि नेब्युलायझरचे भाग धुतल्यावर पूर्ण कोरडे करूनच ठेवावेत.

अनघा_नौपाडा

स्टिरॉइडविषयी मी लिहिते. एबीपीएमध्ये ते द्यावेच लागतात. मात्र या आजारातील नेहमीच्या दाहासाठी एक दिवसाआड प्रेडनिसोन देण्याचा दीर्घ प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचा निष्कर्ष १९९५ मध्ये आला. फुप्फुसांची घसरण मंदावली, पण मुलांची उंची खुंटली, काहींना मोतीबिंदू झाला, रक्तातील साखर बिघडली. त्याच वर्षी मोठ्या मात्रेतील आयबुप्रोफेनचा लाभ लहान मुलांमध्ये दिसला. ते औषध रक्तातील पातळी मोजूनच द्यावे लागते, कारण मात्रा कमी पडल्यास न्यूट्रोफिलची ये-जा उलट वाढू शकते, शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांचा धोका वेगळाच. घरातील तापाची गोळी म्हणून त्याकडे कुणीही पाहू नये.

यानंतर ल्युकोट्राइन बी४ हा न्यूट्रोफिलना बोलावणारा निरोपच अडवून पाहण्यात आला. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या प्रौढ रुग्णांमध्ये आजार बळावण्याचे प्रसंग वाढले. यातून मला सर्वाधिक शिकायला मिळाले. या पेशी हानी करतात आणि तरीही जंतूंना थोपवून धरतात; त्यांना चेतवणे जितके घातक, तितकेच त्यांना सरसकट रोखणेही. घरगुती उपायांनी या तोलात ढवळाढवळ करू नये, असे मी पुन्हा पुन्हा सांगते ते यासाठी.

गुळवेलीविषयी एक नोंद. कोविडच्या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दर्शवली. तो वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पित्तनलिकाही तुंबतात आणि अनेक मुलांचे यकृत आधीच नाजूक असते. त्यामुळे अशा मुलांना ती देऊ नये, असे माझे मत आहे.

सुधीर_नेरूळ

मग प्रतिपिंडांचे काय? लस दिली तर ती लागू पडते का? आमच्याकडे घरातील वडीलधाऱ्यांचा ‘आधीच अशक्त मूल’ म्हणून लस टाळण्याकडे कल आहे.

खारघर_संशोधक

लस टाळू नये. या मुलांच्या बी-पेशी प्रतिपिंडे व्यवस्थित तयार करतात. जन्मजात प्रतिकारशक्ती-अभावाच्या आजारांपेक्षा हा आजार वेगळा आहे तो इथेच. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस वेळापत्रकानुसार द्यावी, असाच सल्ला दिला जातो.

प्रतिपिंडांच्या बाबतीत अनघाताईंच्या मुद्द्याला बळ देणारे एक जुने निरीक्षण आहे. कोपनहेगन येथे नील्स हॉयबी यांनी १९७० च्या दशकात दाखवले की, ज्या रुग्णांच्या रक्तात स्यूडोमोनासविरोधी प्रतिपिंडे अधिक, त्यांची प्रकृती अधिक वाईट. प्रतिपिंड आणि जंतूचे अंश यांचे पुंजके फुप्फुसात साचतात आणि न्यूट्रोफिलना आणखी चेतवतात. प्रतिसाद जितका मोठा तितके संरक्षण अधिक, हा आपला नेहमीचा समज इथे लागू होत नाही.

श्वासोपचार_घोडबंदर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घोडबंदर रोड परिसरात अशा काही मुलांवर उपचार करते. वरील सर्व चर्चा वाचून पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : पांढऱ्या पेशींच्या बाबतीत आपल्या हातात रोज असलेला उपाय म्हणजे कफ बाहेर काढणे. नाला तुंबलेला असताना वरून कितीही जंतुनाशक ओतले तरी ते खाली पोहोचत नाही, तसे अँटिबायोटिकचे होते. प्रत्येक बेडक्याबरोबर जंतू तर जातातच, शिवाय मेलेले न्यूट्रोफिल, त्यांचा डीएनए आणि इलास्टेजही बाहेर पडते.

हायपरटॉनिक सलाइनचा नेब्युलायझर कफात पाणी ओढून घेतो. डॉर्नेस अल्फा हे औषध न्यूट्रोफिलच्या डीएनएची जाळी कापते. ते १९९३ पासून वापरात आहे, महाग आहे आणि थंड साखळीत ठेवावे लागते. ब्राँकोडायलेटर, सलाइन, मग छातीचा व्यायाम आणि शेवटी श्वासावाटे द्यायचे अँटिबायोटिक, असा क्रम साधारणतः ठेवतात. डॉर्नेस कुठे बसवायचे ते आपल्या डॉक्टरांशी ठरवावे. धूळ आणि बांधकामे यांमुळे आमच्या भागात मुले मैदानावर कमी जातात, हे मला रोज दिसते. येऊरच्या पायथ्याशी किंवा उपवन तलावाभोवती सकाळी भरभर चालणे, धावणे हाही कफ सुटण्याचा उत्तम मार्ग आहे. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात या मुलांच्या घामातून मीठ फार जाते, तेव्हा व्यायामाच्या दिवशी मीठ आणि पाणी जास्त द्यायला विसरू नये.

आणखी एक विनंती. दोन रुग्ण मुलांना एकमेकांजवळ बसवून व्यायाम करून घेऊ नये. जंतूंची देवाणघेवाण होते आणि त्याची किंमत फार मोठी असते.

कळव्याचा_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. नव्या गोळ्यांविषयी बरेच ऐकतो. त्या घेतल्यावर पांढऱ्या पेशींचे काम सुधारते का?

अनघा_नौपाडा

आपला रोख सीएफटीआर मॉड्युलेटर गोळ्यांकडे आहे. त्या प्रथिनाचीच दुरुस्ती करतात. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर यांच्या संयुक्त गोळीला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. एफ५०८डेल हे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांच्या चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण सुमारे १४ टक्के-बिंदूंनी सुधारले. थुंकीतील इलास्टेज आणि जंतूंची संख्या घटते, हेही नंतर दिसले. मात्र दाह निरोगी पातळीपर्यंत उतरत नाही आणि रुंदावलेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत. म्हणूनच लहान वयातील उपचारांचे मोल अधिक आहे.

किंमत ही आपली खरी अडचण आहे. अमेरिकेत वर्षाची अधिकृत किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक आहे. ज्या औषधाने मुलाचे सारे आयुष्य बदलू शकते ते अस्तित्वात असूनही आवाक्याबाहेर असावे, ही मला अत्यंत अन्यायाची गोष्ट वाटते. भारतीय रुग्णांमध्ये एफ५०८डेलचे प्रमाण युरोपपेक्षा कमी असल्यामुळे, गोळी लागू पडेल की नाही हे ठरवण्यासाठी संपूर्ण जनुकाची तपासणी आवश्यक ठरते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खाली परळचे के.ई.एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. ठाणे-नवी मुंबईतील पालकांनी कागदपत्रांसह तिथे चौकशी करावी.

सुधीर_नेरूळ

शेवटची शंका. आमच्या नातवाला आठवड्यातून तीनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू करण्याचे घाटत आहे. मागे एकदा थुंकी पाहून क्षयरोगाचे औषधही सुचवले गेले होते. या दोन्ही गोष्टींचा काही परस्परसंबंध आहे का?

सूक्ष्मजीव_वाशी

आहे, म्हणून आधीच विचारलेत हे बरे केलेत. अ‍ॅझिथ्रोमायसिन या आजारात जंतू मारण्यापेक्षा न्यूट्रोफिलचा दाह शांत करण्यासाठी दिले जाते आणि स्यूडोमोनास असलेल्या रुग्णांना त्याचा लाभ २००३ च्या मोठ्या चाचणीत दिसला. मात्र क्षयरोगाच्या जंतूचे काही भाऊबंद, उदाहरणार्थ मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, या फुप्फुसांत राहू शकतात, कारण त्यांना मारणाऱ्या मॅक्रोफेजचे कामच इथे दुबळे असते. त्यांच्यावरील उपचारात याच गटातील औषध मुख्य असते. ते एकट्याने देत राहिलो तर जंतू त्याला सरावतात आणि पुढे मोठा पेच पडतो. म्हणून औषध सुरू करण्याआधी, आणि नंतरही ठरावीक काळाने, थुंकीत हे जंतू नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते.

काचेवर पसरलेल्या थुंकीत लाल दिसणारा जंतू क्षयाचा की त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. सीबीनॅट चाचणी क्षयाचाच जंतू ओळखते. तेव्हा काचेवर जंतू दिसला आणि सीबीनॅटमध्ये क्षय आला नाही, तर त्याच नमुन्याची मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर चाचणी आणि जातीची ओळख करून द्यावी, असे डॉक्टरांकडून लेखी मागून घ्या. कल्चरला काही आठवडे लागतात. सकाळी उठल्यावर, छातीचा व्यायाम करून काढलेला खोल कफच नमुना म्हणून द्यावा. तोंडातील लाळ चालत नाही.